कात्रणाची मागची बाजू

एकदा एका अभ्यासू मुलाने वर्तमानपत्रातला एक सुंदर लेख कापून ठेवला आणि त्यामुळे एका बाईची बसायची जागा गेली. गोष्ट एवढीच आहे. पण स्पर्धा परीक्षांच्या मुलांपुढे मला जिथे जिथे बोलायला बोलावतात, तिथे कुणी ना कुणी उठून विचारतंच, "सर, पेपर कसा वाचायचा?" विचारताना वही उघडी, पेन तयार. मी आता तीन मुद्दे सांगणार, ते उतरवून घेतले की काम झालं, असा एकूण आविर्भाव. मी मुद्दे सांगत नाही. मी ही गोष्ट सांगतो आणि आधी पेन खाली ठेवायला लावतो. तुम्हीही ठेवा.

तालुक्याचं एक गाव होतं. तिथे जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर सार्वजनिक वाचनालय होतं. चार लांब बाकं, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. हे वाचनालय एक वृद्ध गृहस्थ चालवत. त्यांनी सारा जन्म तलाठी म्हणून काढला होता. तलाठ्याला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात; नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी गावाने ते नाव त्यांच्यापासून सुटू दिलं नव्हतं. मनुष्य शांत, पण नियमाला कडक. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: 'आजचा पेपर सर्वांचा. आठ दिवसांनंतर ज्याला हवा त्याचा.' म्हणजे कात्रण काढायचं असेल तर आठ दिवस थांबा आणि जुन्या गठ्ठ्यातून काढा. ताज्या पेपरला ब्लेड लावायचं नाही. वाचनालयात तेवढा एकच नियम पाळायचा होता.

त्या वाचनालयात बालाजी नावाचा एक मुलगा अभ्यासाला बसे. मुलगा कसला, सत्ताविशी ओलांडलेला. उपजिल्हाधिकारी व्हायचं, हे त्याने बारावीतच ठरवलं होतं. दोन प्रयत्न झाले होते, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकलं होतं. तिसरा प्रयत्न चार महिन्यांवर होता. गावाकडे त्याची आई शेजारणींना सांगे, "आमचा बालाजी रोज दोन तास नुसता पेपर वाचतो." लहानपणी गावात कुणाला कसला कागद आला की लोक तो घेऊन याच पोराकडे यायचे, आणि तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचा, तेव्हापासून आईला त्याच्या वाचनाचं कौतुक होतं.

त्याच्या अभ्यासाबद्दल मी वावगं बोलणार नाही. भलताच नेटका अभ्यास! फोन खोलीवर ठेवून यायचा, कानात कापूस घालायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा. शेजारी कोण बसलंय, हे त्याला संध्याकाळी उठताना कळे. भाऊसाहेबांना त्याचं कौतुक वाटे, म्हणून त्यांनी वाचनालयाची किल्ली त्याच्याकडे दिली होती. सकाळी सहाला येऊन त्याने दार उघडायचं, झाडून घ्यायचं, पेपर आले की बाकांवर मांडायचे.

आणि इथेच बालाजी घसरला. सहा ते आठ वाचनालयात तो एकटाच असे. समोर कोरा करकरीत पेपर आणि त्यात परीक्षेच्या उपयोगाचा लेख. आठ दिवस कोण थांबणार? तोवर दुसऱ्याच कुणी तो लेख पळवला तर? पहिल्यांदा ब्लेड लावताना त्याने दोनदा दाराकडे पाहिलं, दहाव्यांदा एकदाही नाही. कापून झालं की पान तो अशा बेताने दुमडून ठेवी, की सहजासहजी दिसू नये. लेखावर लाल रेघा ओढून तो फायलीत लावी. प्रशासनाची एक फाइल, पर्यावरणाची एक, परराष्ट्र धोरणाची एक. एकदा एका पेन्शनर गृहस्थांनी विचारलं, "अरे, हे पान फाटलेलं कसं?" बालाजी मान वर न करता म्हणाला, "आलंच तसं, काका." आणि पुन्हा कापूस घातला.

आता ठकूबाईचं सांगतो. ही साठीच्या घरातली बाई बाजारपट्टीत पोतं अंथरून सुया, दोरे, फण्या, करदोडे, काळे मणी विकायची. बावीस वर्षं एकाच लिंबाखाली. नवरा नव्हता, मुलगी सासरी. वाचता येत नव्हतं. नगरपरिषदेने जुनी बाजारपट्टी पाडून तिथे नवी मंडई बांधायला काढली होती, आणि पट्टीत बसणाऱ्या प्रत्येकाला मंडईत एक ओटा मिळणार होता. त्यासाठी कोण कुठे बसतं याची पाहणी झाली. ती झाली त्या आठवड्यात ठकूबाई नेमकी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली! परत आल्यावर तिने कचेरीत विचारलं, तर तिथल्या कारकुनाने सांगितलं, "यादी पेपरात छापून येईल. नाव नसलं तर छापल्यापासून दहा दिवसांत हरकत घ्या. दहा दिवस गेले की आमच्या हातात काही नाही."

त्या दिवसापासून ठकूबाई रोज सकाळी नऊला डोक्यावर गाठोडं घेऊन वाचनालयाच्या पायऱ्या चढू लागली. "आमचं काही आलंय का?" एवढंच विचारायची. भाऊसाहेब पेपरातल्या जाहीर सूचना पाहून सांगत, "नाही आलं अजून." मग ती उतरून बाजारात जाई.

पुढे भाऊसाहेबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे ते जिल्ह्याच्या गावी मुलाकडे राहणार होते. जाताना त्यांनी बालाजीला जवळ बोलावलं. "हे बघ, ठकूबाई नऊला येईल. तिचा जीव त्या यादीत अडकलाय. पाच मिनिटं काढ आणि सूचना बघून तिला सांग. चुकवू नकोस."

"नाही चुकवणार, भाऊसाहेब," बालाजी म्हणाला. मनातून त्याला ते रुचलं नव्हतं. पाच मिनिटं म्हणजे रोजच्या अभ्यासाची लय तुटणार. पण किल्ली ज्यांनी दिली त्यांना नाही कसं म्हणायचं?

आणि एका सोमवारी जिल्हा दैनिकात एक लेख आला. मथळा होता, 'सुशासन आणि शेवटचा माणूस'. काय लेख होता! प्रस्तावनेला शोभेल अशी सुरुवात, मधे आकडे, शेवटी सुंदर समारोप. 'माहिती नागरिकापर्यंत पोहोचणे हा प्रशासनाचा प्राण होय.' बालाजीने ते वाक्य तिथल्या तिथे दोनदा म्हणून पाहिलं आणि तोंडपाठ केलं. मग ब्लेड काढून अर्धं पान कापलं.

नऊ वाजता ठकूबाई आली. बालाजीने कानातला कापूस काढला, पेपर घेतला आणि भराभर पानं उलटली.

"न्हाई का आलं?"

"नाही, मावशी."

ठकूबाई वाकून बघत होती. तिने त्या पानावर बोट ठेवलं. "हितं भोक कसलं रे पडलंय एवढं?"

"ते काही नाही. ते आमच्या अभ्यासाचं आहे."

"असू दे, असू दे," ती घाईने म्हणाली. "अभ्यासाचं हाय तर असू दे." गाठोडं उचलताना तिला काय वाटलं कोण जाणे, गाठ सोडून तिने एक काळा कंगवा काढला आणि त्याच्या वहीवर ठेवला. "ठेव तुला. सायेब झालास की भांग नीट पाडून बस खुर्चीवर." बालाजीने हसून तो खिशात घातला. तिने दिलेली ती पहिलीच वस्तू होती आणि शेवटचीही.

तेरा दिवस गेले. रोज ती यायची, रोज तो "नाही" म्हणायचा, आणि तेराही दिवस ते खरंच होतं. चौदाव्या दिवशी भाऊसाहेब परतले. डोळ्यांवर हिरवा चष्मा, पावलं जपून. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच ठकूबाई वर आली. नऊ वाजायचे होते. डोक्यावर गाठोडं नव्हतं.

"भाऊसायेब, मंडईचे वटे वाटले. काल चिठ्ठ्या काढल्या. माझ्या शेजारच्या सरूबाईला सोळा नंबर मिळाला. मला म्हनत्यात, तुझं नावच न्हाई. म्हनत्यात, यादी कवाच पेपरात येऊन गेली, दहा दिवस सरले." ती धापा टाकत होती. "मी तर रोज येत हुते. ह्याला इचारा."

भाऊसाहेबांनी बालाजीकडे पाहिलं. आणि बालाजी उसळला. खरंच उसळला बरं का, खोटं नव्हे. "शक्यच नाही! मी हा पेपर अक्षर न अक्षर वाचतो. सूचना छापलीच नसणार यांनी. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पेपराला देऊन मोकळे झाले असतील. भाऊसाहेब, माहिती नागरिकापर्यंत पोहोचणे हा प्रशासनाचा प्राण होय! आणि हे लोक..." रागाने त्याचा आवाज चढला होता. ठकूबाई त्याच्याकडे आशेने पाहत होती. आपल्या बाजूने कुणीतरी शिकलेला माणूस भांडतोय, याचं तिला बरं वाटत होतं.

भाऊसाहेब उठले, जुन्या गठ्ठ्याशी गेले, एकेक पेपर डोळ्यांजवळ धरून चाळू लागले. एका पेपराशी थांबले. तो उलगडला आणि त्या अर्ध्या पानाच्या भोकातून त्यांनी आपला हात आरपार घातला. हात तसाच ठेवून ते क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी पेपर गठ्ठ्यावर ठेवून दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बालाजी, तुझी प्रशासनाची फाइल आण. गेल्या पंधरवड्यात तुला सर्वांत आवडलेला लेख कुठला? तो आम्हाला वाचून दाखव."

बालाजी गोंधळला. बाईची जागा गेलीय आणि यांना लेख ऐकायचा आहे! ठकूबाईलाही कळेना. पण भाऊसाहेब म्हणतात म्हणून तिने पदर सावरला आणि बाकावर टेकली. बालाजीने फाइल आणली, ते कात्रण काढलं आणि उभं राहून वाचू लागला. आवाज चांगला होता त्याचा. शेवटच्या माणसापर्यंत शासन पोहोचलं पाहिजे, त्याला त्याचा हक्क माहीत झाला पाहिजे, माहितीचा अभाव हाच अन्यायाचा पहिला प्रकार आहे... ठकूबाई मन लावून ऐकत होती. मधेच म्हणाली, "लई चांगलं लिवलंय."

लेख संपला.

"आता उलट," भाऊसाहेब म्हणाले.

"मागे काही नाही, भाऊसाहेब. जाहिराती असतील."

"असू देत. वाच."

बालाजीने कात्रण उलटलं. लाल शाई कागदाच्या या बाजूला उमटली होती. त्या लाल रेघांखाली बारीक अक्षरं होती. त्याने सवयीने मोठ्याने सुरुवात केली, "नगरपरिषद कार्यालय. जाहीर सूचना. बाजारपट्टीतील विक्रेत्यांना कळविण्यात येते की, नवीन मंडईतील ओट्यांसाठी पात्र व्यक्तींची यादी खालीलप्रमाणे... ज्यांचे नाव समाविष्ट नाही त्यांनी दहा दिवसांच्या आत..."

आवाज तिथेच थांबला. 

आणि ठकूबाई? तिला अजून उमगलं नव्हतं. ती बाकावरून पुढे वाकून म्हणाली, "वाच की बाळा. थांबलास का? चांगलं वाचत हुतास."

 शरमेने माणसाचा चेहरा लाल होतो म्हणतात. बालाजीचा पांढरा पडला. त्याने भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली नाही आणि मदतही केली नाही. मग बालाजीनेच सांगितलं, तुटक तुटक. यादी त्या सोमवारी आली होती. ते भोक. ते अभ्यासाचं भोक. त्यातच होती. कापताना त्याने मागे पाहिलं नव्हतं.

ठकूबाईला समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजे आलं हुतं," ती म्हणाली. "तुझ्या फायलीत हुतं."  तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात बसणारी बाई, तिला त्या येत नव्हत्या असं नाही. पण ती नुसतीच म्हणाली, "अरे, मी रोज इचारत हुते ना रे तुला. रोज."

बालाजी रडायला लागला. पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले.

"रडून झालं की अर्ज लिही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता कोरडा होता. "मुदतीनंतर हरकत घेता येते. मुदत का चुकली ते मात्र लिहावं लागतं."

बालाजीने डोळे पुसून लिहायला घेतलं. उत्तरलेखनाचा त्याला भारी सराव. सुवाच्य अक्षर, नेटका समास. त्याने लिहिलं, 'अर्जदारास अपरिहार्य कारणास्तव विहित मुदतीत हरकत नोंदवता आली नाही.'

भाऊसाहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं. "अपरिहार्य? यात अपरिहार्य काय होतं रे? कारण लिही."

दुसऱ्यांदा त्याने लिहिलं, 'वर्तमानपत्राचे पान फाटलेले असल्यामुळे.'

"कुणी फाडलं?"

तिसऱ्यांदा लिहायला त्याला पाऊण तास लागला. 'सदर सूचना असलेला वर्तमानपत्राचा भाग मी, वाचनालयाचा नियम मोडून, माझ्या अभ्यासासाठी कापून घेतला. अर्जदार बाई मला रोज विचारत होत्या. मी न पाहता नाही म्हणून सांगितले. चूक त्यांची नाही.' खाली त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि ते कात्रण अर्जाला जोडलं.

तिघेही नगरपरिषदेत गेले. मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसायला सांगितलं. ठकूबाई टोकाला बसली, बालाजीपासून होता होईल तेवढी लांब. बराच वेळ गेल्यावर बालाजी हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, त्या भोकातून हात घातला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. मग मला तिच्यासमोर का वाचायला लावलंत? एकट्याला सांगितलं असतं, तरी मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतंस," भाऊसाहेब म्हणाले, "आणि वहीत उतरवून घेतलं असतंस. 'कात्रण काढण्यापूर्वी मागील बाजू पाहावी.' तुझा आणखी एक मुद्दा तयार झाला असता. बालाजी, तू कानात कापूस घालतोस, फोन लांब ठेवतोस, त्याबद्दल मी तुला कधी हसलो नाही. मन एका जागी ठेवल्याशिवाय विद्या येत नाही. पण तू पेपर वाचत नव्हतास. परीक्षेत काय विचारतील, तेवढंच पेपरात शोधत होतास. बाकीचं सारं तुझ्या लेखी रद्दी. त्या रद्दीत ही बाई होती. शेवटच्या माणसावरचा लेख तू पाठ केलास आणि तो माणूस रोज नऊला तुझ्यासमोर उभा राहून जात होता. उद्या साहेब होशील, टेबलावर कागद येतील, आणि आपल्या कामाचा तेवढा तुकडा घ्यायची हीच सवय तुझ्याबरोबर खुर्चीत बसेल. तेव्हा तुला कोण म्हणणार, आता उलट?"

ते पुढे म्हणाले, "मी तलाठी असताना एकदा जमिनीच्या मोजणीची नोटीस चावडीवर लावली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर लसीकरणाचा कागद डकवला. भिंत रिकामी नव्हती, म्हणून. एका घराची हरकत राहून गेली. मला ते दोन वर्षांनी कळलं. तो मनुष्य मला शेवटपर्यंत रामराम घालत राहिला. त्याला माहीतच नव्हतं. मी मात्र त्याला कधी सांगितलं नाही. तुझ्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून तिच्यासमोर वाचायला लावलं."

बालाजीने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा समोरच्या भिंतीकडे बघत होता.

मुख्याधिकारी तिशीच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"हो, मॅडम."

"कितवा प्रयत्न?"

"तिसरा."

त्यांनी कात्रण हातात घेतलं. लाल रेघांनी भरलेली बाजू पाहिली, मग दुसरी. "माझ्याकडेही अशा फायली होत्या," एवढंच त्या म्हणाल्या. मग ठकूबाईकडे वळल्या. "मावशी, ओटे वाटून झालेत. ते मला मोडता येणार नाहीत. प्रतीक्षा यादीत तुमचं नाव सगळ्यात वर घेते. कुणी ओटा सोडला तर तो तुमचा. त्याहून जास्त मी करू शकत नाही."

"कवा सोडतील?" ठकूबाईने विचारलं.

मुख्याधिकाऱ्यांनी तिच्यासमोरच प्रतीक्षा यादीत पहिलं नाव लिहिलं.

बाहेर आल्यावर बालाजीने खिशातून किल्ली काढून भाऊसाहेबांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही. "किल्ली देऊन सुटणार होय? उद्या सहाला उघड. आणि नऊ वाजता पेपर घेऊन खाली पायरीवर बस. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखव. सूचना आधी, लेख नंतर."

पट्टी पाडली, लिंब तोडला, मंडई उघडली. ठकूबाई मंडईच्या फाटकाबाहेर उन्हात पोतं टाकून बसू लागली. दिवसातून दोनदा नगरपरिषदेची गाडी येई, की हिने गाठोडं आवळून उठायचं, गाडी गेली की पुन्हा मांडायचं. बालाजीचा खोलीवर जायचा रस्ता त्याच फाटकावरून होता. पहिले दोन दिवस तो लांबचा वळसा घालून गेला. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःचीच चीड आली आणि तो सरळ तिच्यासमोरून गेला. तिने पाहिलं, ओळखलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दोरा दाखवत राहिली. खिशातला कंगवा त्याला वापरवतही नव्हता आणि टाकवतही नव्हता.

नऊ वाजताच्या पायरीवर हळूहळू माणसं जमू लागली. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पाणीपट्टीची सूचना, कुणाच्या मुलाची वसतिगृहाची जाहिरात. एवढ्या वर्षांत आपण ज्यावरून नुसती नजर फिरवली, तिथे किती लोकांचं काय काय अडकलेलं असतं, हे बालाजीला तिथे बसून कळलं. ते शिकतानाही त्याला आनंद झाला नाही. इतकं साधं आपल्याला आजवर कळू नये, याचीच लाज वाटत राहिली. ठकूबाई मात्र पायरीवर कधी आली नाही. एकदा बालाजीच पेपर घेऊन तिच्याकडे गेला होता. ती म्हणाली, "नको. माझं मी भाऊसायेबांना इचारीन."

त्याने परीक्षा दिली. इथवर आलं की समोरची मुलं सावरून बसतात. कुणीतरी हात वर करतंच, "सर, पास झाला का तो?" मी मग म्हणतो, लेकरांनो, एक बाई उन्हात बसलीय. तिला ओटा मिळाला का, हे अजून एकानेही विचारलं नाही! मग एकेक मान खाली जाते. मला त्यांना लाजवायची हौस नाही. पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मीही तेच विचारलं होतं. त्याचा निकाल मी कुठेच सांगत नाही. तिचा सांगतो.

अकरा महिन्यांनी एका दुकानदाराने गाव सोडलं आणि मंडईतला ओटा रिकामा झाला. नगरपरिषदेचा कागद ठकूबाईच्या घरी आला. तो घेऊन ती वाचनालयाच्या पायऱ्या चढली. भाऊसाहेब खुर्चीत होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. "माझे डोळे आता बारीक अक्षराला लागत नाहीत, ठकूबाई. त्याच्याकडून वाचून घ्या."

ती दारापर्यंत गेली, परत आली. मग तिने कागद बालाजीपुढे धरला. बालाजीने कानातला कापूस काढला, दोन्ही हातांनी कागद घेतला आणि वाचला. "मंडईतील ओटा क्रमांक एकेचाळीस आपल्या नावे मंजूर करण्यात येत आहे." तारीख वाचली, सही कुणाची ते वाचलं, खालची बारीक टीपही वाचली. मग कागद उलटून पाहिला.

"मागं काय हाय?" ठकूबाईने विचारलं.

"काही नाही, मावशी. कोरं आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

तिने कागद परत घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने तो उजेडाकडे धरला, स्वतः उलटून मागची बाजू वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि मगच त्याची घडी घातली.